हात दिसत नाही

नवरा गेल्यापासून ठमाबाईच्या कपाळावर काही नव्हतं. अकरा वर्षांनी त्या कपाळावर पोराने कॅमेरा बांधला.

काळा पट्टा, त्यावर काडेपेटीएवढी डबी, डबीवर पावसासाठी प्लास्टिकची पन्नी. शेतमालक गुणवंतरावांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलणी होऊन पाणी साचलं होतं, कडेच्या बांधावर, धुऱ्यावर, धानाच्या रोपांच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या होत्या. तिथंच उभा राहून धम्मदीप पट्टा आवळत होता आणि रोवणीला, रोपं लावायला, आलेल्या बाकीच्या तेरा बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“घट्ट होते का, माय?”

“घट्टच बांध. अक्कल बाहीर नाई सांडाची.”

हसू फुटलं ते थेट पलीकडच्या धुऱ्यापर्यंत गेलं. धम्मदीप हसला नाही. नोकरीच्या वेळेत हसू नये असं त्याला कुणीतरी शिकवलं असावं.

कंपनीचं नाव इंग्रजी होतं. ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून बायकांनी तिला ‘हातवाली कंपनी’ करून टाकलं. तिला हात हवे होते. हातांचं काम नको, नुसतं हातांचं चित्रण. कुठल्यातरी दूरदेशी एक यंत्रमानव घडत होता, त्याला धान रोवायला शिकायचं होतं, आणि म्हणून कुरखेड्याच्या पलीकडच्या या गावात सहा डब्या आल्या होत्या. शिकायचं तर शिष्याने गुरूच्या दारात यावं, ही साधी रीत. हा शिष्य मात्र थंडगार खोलीत बसणार, आणि गुरूच्या डोक्याला पट्टा बांधून विद्या ओढून नेणार.

“मंग त्याले इथीच पाठवा न,” ठमाबाईने पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. “मी शिकवतो. गुडघाभर चिखलात उभा करतो. आठ दिवसांत शिकन, नाई तं कंबर मोडन.”

हे ती धम्मदीपच्या मोबाइलमध्ये दिसणाऱ्या प्रणितला म्हणाली. प्रणित कंपनीचा नागपूरचा साहेब, वय असेल तिशीचं. तो गोड हसला. “यंत्राची कंबर मोडत नाही, आजी.”

ठमाबाई चोपन्न वर्षांची होती. सकाळी सातला चिखलात उतरली की संध्याकाळपर्यंत तिची पाठ सरळ होत नसे आणि तोंड बंद होत नसे. तिने या नातवाला तिथल्या तिथं नापास केलं. पण गप्प बसली, कारण धम्मदीपचा चेहरा पाहिला.

धम्मदीपने डिप्लोमा केला त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत पाच नोकऱ्या. त्याने एकही सोडली नाही, प्रत्येक नोकरीनेच त्याला सोडलं. कोरपन्याकडे एका सिमेंट कारखान्यात तो ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे होता. तिथं दर तीन महिन्यांनी ओळखपत्र बदलायचं आणि काम तेच राहायचं, मग एक दिवस ओळखपत्र तेच राहिलं आणि काम गेलं. नागपुरात मोटारसायकलवरून लोकांच्या दारात जेवण पोचवलं. तिथं त्याचा साहेब म्हणजे मोबाइल. मोबाइलने कामावर घेतलं, मोबाइलने काढलं, आणि कशासाठी काढलं हे विचारायला हाडामांसाचा माणूस शोधून सापडला नाही. हे असलं काम म्हणजे काम की थट्टा, हे ठमाबाईला कधी कळलं नाही. ती पस्तीस वर्षं दर पावसाळ्यात एकच काम करत आली होती, आणि त्या कामाने तिला कधी विचारलं नव्हतं की तू कोण.

आता हातवाल्या कंपनीने धम्मदीपला तालुक्याचा समन्वयक केलं होतं. गळ्यात निळी दोरी, पाठीला कंपनीची पिशवी. रोवणी संपायच्या आत ‘तज्ज्ञ’ दर्जाचं चारशे तासांचं चित्रण भरून दिलं की नोकरी पक्की, नागपूरच्या कार्यालयात खुर्ची. असं प्रणित बोलला होता. लिहून दिलं नव्हतं, बोलला होता. आईच्या कानाला एवढं पुरतं.

“तज्ज्ञ म्हंजे कोन?” टोळीतल्या गिरजाबाईने विचारलं.

“म्हंजे ज्याले सगळ्यात चांगलं येते तो,” धम्मदीप म्हणाला.

“मंग एवढ्या डब्या कायले आनल्या? ठमाबाईले एक बांध, झालं.”

हे कुणी कुणाला खूश करायला म्हणत नव्हतं. आजूबाजूच्या पाच गावांत ठमाबाईचा हात प्रसिद्ध होता. डाव्या हातात पेंढी, उजव्या हाताने तीन रोपं सोडवायची, अंगठा आणि दोन बोटांनी चिखलात दाबायची, एक पाऊल मागे. किती वेगात, ते बघणाऱ्याला मोजता यायचं नाही. पण तिची खरी किंमत वेगात नव्हती. रोवणीत बायका ओळीने उभ्या राहतात आणि रोवत रोवत मागे सरकतात. ओळीच्या दोन टोकांना दोन जाणत्या बायका लागतात. एका टोकाला ठमाबाई, दुसऱ्या टोकाला गिरजाबाई. ठमाबाईची नजर रोवताना कायम गिरजाबाईवर असायची, आणि मधल्या बारा जणी त्या नजरेच्या दोरीत आपोआप सरळ यायच्या. स्वतःच्या हाताकडे ती पाहतच नसे. नवी पोरगी मान खाली घालून रोवायला लागली की ती टोकावरून ओरडायची, “ए, मान! हाताकडे नोको पाहू, हात लाजते!”

नेमकी इथंच कंपनीची पंचाईत झाली.

पहिल्या दिवशीचं चित्रण धम्मदीपने संध्याकाळी दाराशी बसून पाहिलं. ठमाबाई चहाचा कप घेऊन त्याच्या मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर एक कान दिसत होता. बराच वेळ कान. मग हसणारं तोंड, त्यातला पडलेला दात. मग पुन्हा कान.

“हे तं गिरजाबाई हाये.”

“हो.”

“माह्ये हात कुठी हायेत?”

“तेच तं पाहून राह्यलो मी पन.”

सात तास ठमाबाई रोवत होती आणि सात तास कॅमेऱ्याने गिरजाबाई पाहिली होती. मधूनमधून आभाळ, एकदा बगळा. शिवाय आवाज. गुणवंतरावांच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या जावयाची दारू, मग गाणं, मग पुन्हा जावई. कंपनीच्या नियमाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, बोलणे नाही, गाणे नाही, नजर हातावर. धम्मदीपचं कामच हे होतं. दोन-दोन मिनिटांचा एकेक तुकडा पाहायचा आणि त्याखालचं बटण दाबायचं. हात दिसतो, हात दिसत नाही. काम तज्ज्ञाचं, काम अकुशल.

त्याचं बोट थोडं थांबलं. मग दाबलं. हात दिसत नाही. पुढचा तुकडा. हात दिसत नाही. पडद्यावर लाल फुल्यांची ओळ लागली आणि शेवटी ठमाबाईच्या नावापुढे एक शब्द आला.

“काय लिवलं?”

“काई नाई.”

“वाच न.”

“अकुशल,” धम्मदीप म्हणाला. “मी नाई लिवलं, माय. नियम हाये. मी फक्त बटन दाबलं.”

“बटन कोनाच्या बोटानं दाबलं?”

ठमाबाईने चहा त्याच्या हातात दिला आणि आत गेली. पस्तीस वर्षांत तिला कुणी असा शब्द लावला नव्हता. गुणवंतरावांसारखा नाकावर माशी बसू न देणारा मालकसुद्धा तिच्याकडे रोवणी ठरवायला स्वतः चालत यायचा. आणि पोटच्या पोराने बोट टेकवून अकुशल म्हणावं! तिला राग आला आणि रडूही आलं, पण रडायला तिला वेळ नव्हता, भात टाकायचा होता.

तिसऱ्या दिवशी गंमत झाली. एका डबीचं चित्रण झाडून सगळं पास झालं. सगळ्या हिरव्या खुणा. नावापुढे शब्द ‘तज्ज्ञ’. ती डबी होती उर्वशीच्या कपाळावर.

उर्वशी म्हणजे गिरजाबाईची नवी सून. चंद्रपूर शहरातली, बाप बसडेपोत कारकून, वैशाखात लग्न होऊन आलेली. चिखलात पाय घालायची तिची ही पहिलीच वेळ. बिचारी जीव मुठीत धरून रोवायची. मान खाली, डोळे हातावर, एक रोप उचलायची, त्याच्याकडे पाहायची, हळूच ठेवायची, पुन्हा पाहायची. बोलत नव्हती कारण दम लागायचा. गात नव्हती कारण गाणी येत नव्हती. कंपनीला अगदी अशीच बाई हवी होती.

उर्वशीने लावलेली रोपं दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर तरंगत असत. वरवर ठेवलेलं रोप चिखल धरत नाही, सुटून वर येतं. ठमाबाई उजाडताच बांधीत उतरायची आणि ती तरंगणारी रोपं एकेक करून परत दाबायची, गिरजाबाईच्या सुनेचं नाव खराब होऊ नये म्हणून. पण डब्या सकाळी आठनंतर बांधल्या जायच्या. लावलेलं उभं राहिलं की वाहून गेलं, हे पाहायला कंपनी कधीच परत येत नव्हती. तिला हात पाहायचे होते, धान नव्हे.

“मावशी, मले लाज वाटते,” उर्वशी एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली. “ते मले तज्ज्ञ म्हणून राह्यले.”

“लाज तुले काऊन? तू तं शिकून राह्यली. लाज त्याइले वाटाले पाह्यजे.”

त्यांना काही वाटली नाही. उलट प्रणितचा निरोप आला की सगळ्या बायकांनी उर्वशीताईंसारखं काम करावं. धम्मदीपने धुऱ्यावर उभं राहून तो निरोप वाचून दाखवला आणि वाचताना एकदाही वर पाहिलं नाही. रोवणीचे दिवस संपत होते. चारशेतले नव्वद तासही भरले नव्हते.

“धम्मदीप,” गिरजाबाई म्हणाली, “तुले समजते का तू काय वाचून राह्यला?”

“समजते, मावशी.”

“मंग?”

“मंग काय? पक्की झाली पाह्यजे न नोकरी.”

तो असं म्हणाला तेव्हा त्याचा आवाज थोडा फाटला. तो फाटलेला आवाज ठमाबाईने ऐकला, आणि तिने पस्तीस वर्षांत केली नव्हती ती गोष्ट केली. ती टोकाची जागा सोडून ओळीत मधे आली, उर्वशीच्या शेजारी.

“शिकव वं मले,” ती म्हणाली.

उर्वशीला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. त्या दिवसापासून ठमाबाई रोवणी विसरायला शिकली. मान खाली. तोंड बंद. रोप उचल, पाहा, ठेव, पाहा. सुरुवातीला हात ऐकेना. तो आपला सवयीने पुढे पळायचा आणि नजर मागे राहायची. तिने त्याला दामटून दामटून बसवलं. दुपारपर्यंत तिच्या मानेत कळा यायच्या. तिची गाणी थांबली तशी इतरांचीही थांबली. चौदा बायका चिखलात अशा मुक्याने रोवत होत्या की गुणवंतराव एकदा धुऱ्यावर येऊन म्हणाले, “काय झालं, गावात कोन मेलं?”

“नाई, भाऊ,” गिरजाबाई म्हणाली. “तज्ज्ञ होऊन राह्यलो.”

ओळ वाकडी व्हायला लागली. जिची नजर ओळ धरायची तिची नजर आता स्वतःच्या बोटांवर होती. गिरजाबाईने दोन दिवस वाट पाहिली आणि कुणाला न विचारता आपल्या टोकावरून सगळ्यांना हाका घालायला लागली. ठमाबाईने ते ऐकलं. वाईट वाटलंच, खोटं कशाला सांगा. पण रोज संध्याकाळी पोराच्या पडद्यावर हिरव्या खुणा वाढत होत्या. चौथ्या संध्याकाळी तिच्या नावापुढचा शब्द बदलला. धम्मदीपने बटण दाबलं आणि मागे वळून पाहिलं.

“माय, तज्ज्ञ आली तू.”

“आली का?” ठमाबाई म्हणाली. “बरं झालं. पस्तीस वर्सं लागली.”

धम्मदीपची बोटंही आता चटचट चालत होती. सुरुवातीला तो एका तुकड्यावर अडून बसायचा, आता पाहताक्षणी बटण. त्याने हजारो तुकडे पाहिले, हजारोंना हे चांगलं हे वाईट म्हणून शिक्का मारला. हात दुखायचा. नोकरी चांगली चालली आहे असं त्याला वाटत होतं.

चारशे तास भरले त्या दिवशी प्रणित स्वतः आला. गुणवंतरावांची शेवटची बांधी रोवून होत होती. गाडी रस्त्यावर ठेवून तो पांढऱ्या बुटांनी धुऱ्यावरून चालत आला, तोल सावरत, हात पसरून. त्याच्याकडे प्रमाणपत्र होतं, काचेच्या चौकटीतलं. ‘उत्कृष्ट रोवणीतज्ज्ञ’, आणि खाली उर्वशीचं नाव.

“मले नोको,” उर्वशी म्हणाली. “मावशीले द्या.”

“डेटा तसं सांगत नाही, ताई,” प्रणित म्हणाला. त्याने टाळ्या वाजवल्या. मग धम्मदीपच्या खांद्यावर हात ठेवला. “आणि हा आपला हिरो. याने जे तुकडे तपासले ना, त्यावरूनच आमची प्रणाली तपासणी शिकली. आता चांगलं काय, वाईट काय, ती स्वतःच ठरवते. पुढच्या तालुक्यात समन्वयक लागणारच नाही. किती मोठी गोष्ट आहे ही!”

“म्हणजे सर,” धम्मदीप म्हणाला, “माझं नागपूरचं...?”

“ती पोस्टच राहिली नाही रे. पण तुझा अनुभव आहे ना! शिफारसपत्र देतो मी तुला. छान लिहितो.”

आणि तो पुन्हा टाळ्या वाजवू लागला. दुसऱ्याचा घास काढून घेताना टाळ्या वाजवायच्या, हे या लोकांना कुठं शिकवतात कोण जाणे. पण वाईट ते नव्हतं. वाईट हे, की धम्मदीपनेही वाजवल्या. दोन-तीनदा. मग त्याचे हात थांबले.

ठमाबाईने कपाळावरचा पट्टा सोडला. “म्हंजे तुह्याबी डोक्याले बांधला होता न रे, बापू,” ती पोराला म्हणाली. “माहा तं दिसत होता. तुहा दिसला नाई.”

रोवणीच्या शेवटच्या बांधीत बायका मालकाला चिखल माखतात, मग मालक जेवण देतो, अशी तिकडची रीत. गुणवंतराव लुंगी सावरून तयारच उभे होते. गिरजाबाईने दोन्ही ओंजळी भरून चिखल उचलला, त्यांना ओलांडून पुढे गेली आणि प्रणितच्या दोन्ही गालांना, सदऱ्याला आणि हातातल्या महागड्या मोबाइलला नीट, सावकाश, पाहून पाहून थापला. बाकीच्या तेरा जणींनी पांढऱ्या बुटांपासून सुरुवात केली. त्याला वाटलं मान आहे. तो हसत होता, “अरे, कुणीतरी शूट करा हे!” म्हणत होता. काढून ठेवलेल्या डब्यांपैकी एक चालूच होती. त्या चित्रणात हात स्वच्छ दिसतात.

ठमाबाईच्या स्वतःच्या दोनच बांध्या. सगळ्या गावाची रोवणी आटोपल्यावर ती आपल्या लावायची, दर वर्षी. दुसऱ्या दिवशी टोळी तिथं उतरली. डब्या नाहीत, पट्टे नाहीत. धम्मदीप पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आईच्या शेजारी उभा राहिला. गिरजाबाईने त्याच्याकडे एक पेंढी फेकली.

ठमाबाई आपल्या टोकावर गेली. रोप सोडवलं, दाबलं, एक पाऊल मागे. आणि मान खाली गेली. तिने वर उचलली. चार रोपं झाली आणि पुन्हा खाली गेली. हात थांबून वाट पाहत होता, डोळे येऊन पाहतील म्हणून. ओळ वाकून तिला पोट आलं.

“ए ठमाबाई!” दुसऱ्या टोकावरून गिरजाबाई ओरडली. “मान!”

ओरडून झाल्यावर गिरजाबाईनेच मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेक बांधीवर गेले. पाणी निवळलं होतं. टोकाच्या बाजूने दहा-बारा ठिकाणी रोपं सुटून वर आली होती आणि वाऱ्याने धुऱ्याला येऊन लागली होती.

“माह्येच असन ते, माय,” धम्मदीप म्हणाला. “मले जमलंच नाई.”

ठमाबाईने वाकून एक जुडी उचलली. तो सहा-सात रोपं एकदम खुपसायचा. ह्या जुडीत तीन होती. दुसरी उचलली, तीन. तिसरीतही तीन.

“नाई,” ती म्हणाली. “तुह्ये उभे हायेत. हे माह्ये हायेत.”

ती चिखलात उतरली, सुटलेली रोपं डाव्या हातात गोळा केली आणि जागेवर येऊन वाकली. मान वर केली. समोर बांधी संपत होती, पलीकडे मोहाचं झाड होतं, तिने डोळे त्या झाडावर लावले आणि काढले नाहीत. उजवा हात गढूळ पाण्यात गेला. तो आत चाचपडत होता, जागा शोधत होता. तिच्या कपाळावर पट्ट्याचा वळ अजून होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी तिने खाली पाहिलं नाही.

“बापू,” ती म्हणाली, “हात दिसते का माहा?”

त्याने धुऱ्यावरून वाकून पाहिलं.

“नाई दिसत, माय.”

“मंग बराबर चालू हाये,” ती म्हणाली, आणि पुढचं रोप दाबलं.